हत्तीपुढचा माणूस

नागसेन हिवाळेला एखादी गोष्ट मनापासून आवडली, असं जालन्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्नाच्या पंगतीत भाजी चांगली झाली असली तर तो भाताला नावं ठेवायचा, आणि भातही बरा निघाला तर वाढणाऱ्यांना. त्याची बायको प्रीती शाळेत शिक्षिका होती. ती हसत सांगायची, "मला बघायला आले तेव्हा सगळं घर खूश होतं, आणि हे एवढंच म्हणाले, 'चालंल.'"

तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची आणि तो त्यावरून कवळ्या आणि कॅपा बनवायचा. दिवसभर असल्या बारीक कामात मान मोडल्यावर कुणीही संध्याकाळी पाय पसरून बसेल. नागसेन मात्र घरी येऊन त्याहून बारीक काम काढायचा. नागपूरला शिकत असताना होस्टेलवरच्या एका मित्रानं त्याला हे वेड लावलं होतं. अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे सैनिक असतात, प्लॅस्टिकच्याच फ्रेमला चिकटलेल्या सुट्या भागांत येतात. ते फ्रेमवरून तोडायचे, घासायचे, चिकटवायचे, केसाएवढ्या ब्रशानं रंगवायचे. मग मोठ्या टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडायच्या आणि टेप, फासे घेऊन लढाई खेळायची. कोण किती चालणार, कोण कुणाला मारणार, सगळ्याला नियम. सैनिक आणि नियम दोन्ही विलायतेतली एक कंपनी काढायची. नागसेनचे वडील पुंजाराम रोलिंग मिलमधून रिटायर होऊन घरीच असायचे. त्यांच्या हिशेबी ह्या सगळ्याला एकच शब्द होता, भावल्या.

जालन्यात हा खेळ खेळणारी माणसं तिघंच. नागसेन, भारत आणि कल्याण. भारत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम बघायचा, आणि त्याच्या गच्चीवरच्या खोलीत खेळाचं टेबल होतं. कल्याण वडीगोद्रीचा, घरची बागायती शेती, हायवेला टायरचं दुकान. सुट्टीच्या दिवशी तो फौजेचा डबा गाडीच्या टाकीवर बांधून यायचा.

वर्षातून तीन-चारदा ती कंपनी पुढं येणारा माल व्हिडिओतून दाखवायची. त्या दिवशी तिघं भारतच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचे. भारत आणि कल्याण नवे सैनिक बघायला बसायचे, आणि त्याहून जास्त नागसेनला ऐकायला. कारण टीव्हीवरचे दोघे दाढीवाले गोरे जितकं कौतुक करायचे, तितका नागसेन पेटायचा.

"पुन्हा कवट्या," तो सुरू करायचा. "गुडघ्यावर कवटी, पट्ट्यावर कवटी, बुटावर कवटी. एवढ्या कवट्या निघाल्यावर त्या मुलखात जिवंत कोण ऱ्हायलं? कुणासंगं लढून राह्यले हे?"

नवा सेनापती आला की, "हा बी दगडावर चढला. ह्या कंपनीचा एक सरदार सपाट जमिनीवर उभा ऱ्हात न्हाई. प्रत्येकाचा दगड संगं. वाहून कोण आणतं ते दगड?"

जुन्याच नायकाचा नवा अवतार आला की, "मागल्या वेळी टोपी नव्हती, आता टोपी घातली. पुढल्या वेळी टोपी काढतील आन् म्हणतील, बघा, नवीन! पाच वर्षांत टक्कल ते टोपी, टोपी ते टक्कल. एवढीच ह्याची प्रगती."

बर्फातल्या लढवय्या बायका आल्या तेव्हा त्यांची उघडी पोटं बघून तो म्हणाला होता, "एकीलाच न्युमोनिया झाला तर आख्खी फौज दवाखान्यात. ह्यांच्या शिंप्यानं पोटाजवळ आल्यावर सुट्टी घेतली वाटतं."

व्हिडिओ संपला की तो मोबाइलवर एक लांब व्हॉइस नोट रेकॉर्ड करायचा आणि खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. ती पुण्याला जायची, नागपूरला जायची, तिथून आणखी कुठं कुठं. लोक कंपनीचा व्हिडिओ अर्धाच बघायचे आणि जालन्याची नोट पूर्ण ऐकायचे. नागसेनला हे माहीत होतं. आवडायचंही. पण तसं तो कबूल करणारा नव्हता.

त्या रविवारी व्हिडिओ निम्मा झाला होता. नागसेनचा बकऱ्यांवर बसलेल्या बुटक्यांचा समाचार घेऊन झाला होता. एवढ्यात टीव्हीवर तुताऱ्या वाजल्या, केशरी उजेड पडला, आणि धुळीतून एक हत्ती बाहेर आला. कंपनीनं ह्या वेळी पूर्वेकडचं एक नवंच राज्य काढलं होतं. हत्ती, वाघ, मिशाळ राजे, फेटे, भाले.

कल्याण खुर्चीवरून उठलाच. "आली रे! आपली आर्मी आली! इतकी वर्षं ह्या गोऱ्या सरदारांना रंगवलं, आता आपला राजा!"

"कशाचा आपला?" नागसेन म्हणाला. "फेटा बघ त्याचा. बांधलाय का डोक्यावर भोपळा ठेवलाय? आन् राजा उघडा काहून? एवढा मोठा हत्ती परवडतो, सदरा परवडत न्हाई? थांब, आता साप येईल."

साप आला. भारत पोट धरून हसला.

"आता साधू."

साधूही आला, हवेत तरंगत.

"झालं. हत्ती, वाघ, साप, साधू. एवढ्यावर देश उरकला ह्यांनी. हत्तीवर बघ, आख्खा महाल बांधलाय. खालून नळाची पाइपलाइन तेवढी ऱ्हायली."

कल्याणला त्या दिवशी राग येत नव्हता. तो हत्तीच्या प्रेमात पडला होता. हत्तीला नाव होतं, राजाला नाव होतं, साधूला तर चार शब्दांचं लांबलचक नाव होतं. मग त्या दोघा गोऱ्यांपैकी एकजण हसत म्हणाला की, आता आमच्या सगळ्यांचा लाडका गडी बघा. कॅमेरा हत्तीच्या सोंडेखाली गेला.

तिथं एक माणूस होता. कमरेत वाकलेला, बरगड्या वर आलेल्या, कमरेला फडकं, खांद्यावर घोंगडं, हातात घुंगरं बांधलेली काठी. तो हत्तीपुढं अनवाणी पळत होता आणि मागं वळून बघत होता. डोळे बटाट्याएवढे, तोंड वासलेलं. गोऱ्यानं सांगितलं, हा लढत नाही. ह्याला नाव नाही, शस्त्र नाही. ही नुसती खूण. हत्तीपुढं ठेवायची म्हणजे हत्ती दुप्पट पळतो, आणि शत्रूनं हात लावला की उचलून डब्यात टाकायची. "बिचारा!" असं म्हणून दोघं खो-खो हसले.

भारत हसला. कल्याणही हसला, "तोंड बघ रे त्याचं!" म्हणाला, आणि सवयीनं दोघांनी नागसेनकडं बघितलं.

नागसेन काही बोलला नाही. मग त्यानं गाडीची चावी उचलली आणि "जातो मी, काम हाय" एवढं म्हणून जिना उतरला.

ग्रुपवर लोक वाट बघत राहिले. जालन्याची नोट कुठाय? आज हिवाळेसाहेबांना माल आवडला की काय? कल्याणनं हत्तीचं चित्र टाकून खाली लिहिलं, नाग्याची बोलती बंद!

घरी प्रीतीनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि विचारलं, "काय झालं? भांडण झालं का?"

त्यानं मोबाइलवर ते चित्र काढून तिच्यापुढं धरलं. तिनं ते मोठं करून पाहिलं.

"तुम्ही दर वेळी सगळ्यांना हसता," ती म्हणाली. "बुटक्यांना, बायकांना, राजांना. आज ते एकाला हसले, तर लागलं."

"मी बनवणाऱ्यांना हसतो. ते ह्याला हसून राह्यले."

"मग तसं सांगा. गप्प बसून कुणाला कळणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये त्यानं नोट रेकॉर्ड केली. नेहमीपेक्षा निम्मी. तो म्हणाला, "ह्या कंपनीनं हत्तीला नाव दिलं. हत्तीच्या झुलीला सुद्धा नाव दिलं. माणसाला न्हाई दिलं. त्याची बरगडी न् बरगडी कोरायला ह्यांच्याकडं वेळ होता, नाव सुचायला न्हवता. आन् लाडका म्हणून राह्यले त्याला. असला लाड माझ्या घरच्यांनी लई पिढ्या सोसलाय. साहेबाच्या घोड्यापुढं, मालकाच्या घोड्यापुढं पळायचं काम गावात कुणाकडं होतं, ते जालन्यात कुणाला विचारायची गरज न्हाई. ज्यांना हसू आलं त्यांनी हसावं. माझ्याच्यानं ह्याच्यावर विनोद होत न्हाई. बाकी फेटा भिकार आहे."

ग्रुप एकदम थंड पडला. मग कुणीतरी पुण्याहून लिहिलं, खेळात हे विषय कशाला? दुसऱ्यानं हात जोडलेली चित्रं टाकली. तिसऱ्यानं विचारलं, हत्तीची उंची किती असेल? नागसेननं ते वाचलं आणि ग्रुपमधून बाहेर पडला.

दोन दिवसांनी कल्याण लॅबवर आला. काउंटरवर कवळ्यांचे साचे मांडलेले होते. त्यांच्याकडं बघत तो उभ्यानंच बोलू लागला.

"नाग्या, तू मला सगळ्यांसमोर झापलं."

"तुला न्हाई. हसणाऱ्यांना झापलं."

"मी हसलो ना पण!"

"मंग तुला बी झापलं."

"मी त्याच्या तोंडाला हसलो रे. तोंड तसं केलंय म्हणून. प्लॅस्टिक हाय ते."

नागसेननं हातातला साचा खाली ठेवला. "हत्ती बी प्लॅस्टिकच हाय. त्याच्यासाठी तू खुर्चीवरून उठला. आपली आर्मी म्हणला. बराबर हाय, त्याच्यात तुझा राजा हाय. माझं कोण हाय त्याच्यात, सांग."

"आमच्या आजोबाकडं घोडा नव्हता," कल्याण म्हणाला. "बैल होते."

"मी तुझ्या आजोबाचं नाव घेतलं का?"

कल्याण चहा न घेता गेला. त्यानंतर दोन-तीन महिने नागसेन भारतच्या गच्चीकडं फिरकला नाही. घरी बसून त्यानं जुने सैनिक रंगवले, आणि ते करताना त्यांचा रंग, प्लॅस्टिक, ब्रश, सगळ्याला नावं ठेवली. ऐकायला फक्त पुंजाराम होते, आणि ते पंखा सुरू करून झोपायचे.

मग एका संध्याकाळी कल्याण घरीच आला. कंपनीचा माल बाजारात आला होता आणि त्यानं पूर्वेकडच्या फौजेचा बॉक्स घेतला होता. हत्ती चिकटवून झाला होता, राजा झाला होता. खिशातून त्यानं फ्रेमचा एक तुकडा काढला. त्यावर तो पळणारा माणूस अजून अख्खा चिकटलेला होता.

"हा तू घे," कल्याण म्हणाला. "मी दोनदा तोडायला बसलो. हात होत न्हाई माझा. तू म्हणलास ते डोक्यातून जाईना."

"मी काय करू ह्याचं?"

"टाकून दे. न्हाई तर रंगव. मला इचारू नको."

प्रीतीनं पोहे टाकले. तेवढ्यात पुंजाराम आतून आले आणि खुर्चीत बसले. त्यांनी टेबलावरचा तुकडा उचलला. नागसेनचं भिंग तिथंच पडलेलं होतं, ते डोळ्याला लावलं.

"हे काय?"

"हत्तीपुढं पळणारा माणूस, आबा," नागसेन म्हणाला. वडलांना हे दाखवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आता इलाज नव्हता.

म्हाताऱ्यानं तुकडा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "हा पळून राह्यला?"

"हो."

"ह्याच्यात पळणं कुठंय? पळणारा माणूस मागं बघत न्हाई. त्याला सवड कुठली? मागं घोड्याचे पाय वाजत असतेत, पुढं काटा हाय का दगड हाय ते बघावं लागतं. हे ज्यानं बनवलं त्यानं माणूस पळताना पाह्यलाच न्हाई. उंदीर पाह्यला आसंल." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आन् घोंगडं घेऊन कोण पळतं? गळ्यात अडकून मरंल की."

कल्याण पोह्याचा चमचा हातात धरून बघत होता. पुंजाराम त्याच्याकडं वळले.

"माझा बाप, कचरू त्याचं नाव. आष्टीच्या बाजाराला मालक घोड्यावर जायचा आन् हा पुढं पळायचा. बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आमच्या गावात बी लोकांनी घेतली. त्याच्या पुढच्या बाजाराला मालकानं बोलावलं. बाप गेला. पण पळाला न्हाई. चालला. पाऊस होऊन गेल्ता, वाट अरुंद, दोन्ही बाजूला काळ्या रानाचा चिखल. घोड्याला बाजूनं जायला जागाच न्हाई. मालक मागून शिव्या देऊन राह्यला आन् बाप आपला चालून राह्यला, बाजाराला चालल्यासारखा. मंग घोडा बी चालला. काय करंल?"

"मारलं न्हाई त्यानं?" कल्याणनं विचारलं.

"मारलं की. दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून मारलं. हात मोडला. आम्ही गाव सोडून जालन्याला आलो ते त्याच्यामुळंच. मी कडेवर होतो, मायनं सांगितलेलं हाय." म्हातारा पोह्याची बशी ओढून घेत म्हणाला, "पण त्या दिवशी आष्टीपर्यंत घोडा चालतच गेला."

नागसेननं हे कधीच ऐकलं नव्हतं. गाव सोडलं ते काम मिळत नव्हतं म्हणून, एवढंच त्याला माहीत होतं. "आबा, हे कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

"तू कधी इचारलं? तुला दात आन् भावल्या."

त्या आठवड्यात नागसेननं तो माणूस फ्रेमवरून तोडला. मान कापून डोकं पुढं वळवलं. दातांसाठी वापरायच्या मेणानं आणि मसाल्यानं पाठ सरळ केली, बरगड्या बुजवल्या, वासलेलं तोंड मिटवलं. पळणाऱ्या पायांचे चालणारे पाय करणं मात्र जमेना. एक पाय तुटला, दुसरा जाड झाला, शेवटी दोन्ही नव्यानं घडवावे लागले. घोंगडं कापून टाकलं. घुंगरं काढली. काठी काढायला निघाला तेव्हा पुंजाराम म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चिखलात लागती." अंगात पांढरा सदरा घातला. तेवढ्यावर म्हातारा बरं म्हणेल अशी नागसेनची अपेक्षा होती.

"कान मोठे झाले," पुंजाराम म्हणाले.

"ह्याला नाव द्यावं म्हणतो, आबा. कचरू."

"खबरदार! माझ्या बापाला प्लॅस्टिकमदी कोंबू नको. त्याची उंची माहितीय का तुला? दारातून वाकून यायचा."

म्हणून नाव दिलं नाही.

पुढच्या सुट्टीला नागसेन भारतच्या गच्चीवर गेला आणि तो माणूस त्यानं कल्याणच्या हत्तीपुढं नेऊन ठेवला. कल्याणनं तो हातात घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि परत जागेवर ठेवला. खेळ सुरू झाला. कल्याणची पाळी आल्यावर त्यानं टेप काढली.

"नियमानं हत्ती दुप्पट जातो," तो जरा चाचरत म्हणाला. "हा पुढं असल्यावर."

"हा चालून राह्यला. दिसून न्हाई राह्यलं का?"

"दिसून राह्यलं. पण नियमात चालण्याचं काही लिहिलेलं न्हाई ना! भारत, तू सांग."

भारतनं दोन्ही हात वर केले. मग दोघांचं चांगलंच जुंपलं. नागसेन म्हणाला, कंपनीनं माणूस चुकीचा बनवला तर नियम कशावरून बरोबर? कल्याण म्हणाला, मग तुझ्या फौजेतली भुतं भिंतीतून जातात ते कसं चालतं? शेवटी कल्याणनं हत्ती दुप्पट नेला, नागसेनची डावी फळी मोडली आणि डाव जिंकला. हरल्यावर नागसेननं हत्तीच्या रंगाचा समाचार घेतला. "शेणात बसवून आणलाय का? सोंडेवर सावली न्हाई, डोळ्यात जीव न्हाई. हा हत्ती हाय का पाण्याची टाकी?" कल्याण खूश होऊन ऐकत होता. तीन महिन्यांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास कंपनीनं पुन्हा पुढचा माल दाखवला. सुरुवातीला कवट्या झाल्या, दगडावरचा सरदार झाला, टोपीवाल्याची टोपी निघाली. मग ते दोघं गोरे हसत पुढं आले. लोकांना तो पळणारा गडी फार आवडला, म्हणून तो आता हातभर उंचीचा, काचेच्या पेटीत, संग्रहासाठी खास काढत आहोत. आता त्याला नावही दिलंय, असं सांगून त्यांनी ते नाव घेतलं. एखाद्या मिठाईचं असावं तसं होतं.

नागसेननं तोंड उघडलं होतं, पण कल्याण आधी सुटला.

"हे बघा, नालायकांनो! मोठा केला म्हणजे माणूस झाला का? बरगड्या आणखी वाढवल्या. बरगड्या वाढवता, सदरा देता येत न्हाई! आन् मागं काय बघतो तो अजून? पळताना कुणी मागं बघतं का? तुमच्या बापानं बघितलं होतं का? पेटीत काहून ठेवून राह्यले? काढा त्याला बाहेर, चालू द्या!"

बोलून तो लालबुंद झाला. भारतनं टीव्हीचा आवाज बारीक केला. खोलीत कुणी हसलं नाही.

नागसेननं मिशी पुसली. "बरं बोललास," तो म्हणाला. "पण सुरुवातीलाच नालायक म्हणल्यावर पुढं चढायला जागा कुठं ऱ्हाती? आन् बाप मधीच कशाला काढला? बाप शेवटी काढायचा. पुन्हा कर, मी मोबाइल चालू करतो."